फ्लो मीटरच्या बाजारात खरंच वाढ आहे का?

तुम्ही विचारलंय: इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झालाय, फ्लो मीटरच्या (पाइपमधून किती द्रव किंवा वाफ गेली ते मोजणाऱ्या यंत्राच्या) कामाला खरंच मागणी आहे का, की नुसतीच हवा? मागणी आहे. मी बरीच वर्षं एमआयडीसीतल्या कारखान्यांत हेच मीटर बसवतोय.

पूर्वी मीटर लागायचा तो मुख्यतः प्रोसेससाठी, म्हणजे रिॲक्टरमध्ये किती सोडलं, बॉयलरला किती पाणी गेलं हे बघायला. आता मला येणारे बरेचसे फोन पाण्याचा हिशेब द्यावा लागतो म्हणून येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मॉनिटरिंग लावायला सांगितलं. सप्टेंबर २०२० च्या भूजल नियमावलीत तर उपसा मोजायला टेलिमेट्रीचा (आकडे आपोआप दूरवर पाठवणारा), छेडछाड न करता येणारा डिजिटल मीटरच मागितलाय. बोअरच्या पाइपवर जिथे काहीच नसायचं, तिथेही आता मीटर चढतोय.

यात सगळ्यात जास्त चालतो तो मॅगमीटर, म्हणजे विद्युतचुंबकीय फ्लो मीटर. फॅरेडेने १८३१ मध्ये मांडलेलाच नियम: चुंबकीय क्षेत्रातून वाहणारं पाणी व्होल्टेज तयार करतं. आत फिरणारा भाग नाही, त्यामुळे गाळाने अडकत नाही. डिझेल किंवा तेलाला मात्र तो चालत नाही, कारण द्रव विद्युतवाहक लागतो. चालू लाइन कापायची नसेल तर बाहेरून बांधायचा क्लॅम्प-ऑन अल्ट्रासोनिक, वाफेला व्हॉर्टेक्स, आणि थेट वस्तुमान हवं असेल तिथे कोरिऑलिस. हा महाग, पण फार्मा आणि खाद्यतेलवाले घेतात.

पण खरी गरज मीटर विकणाऱ्यापेक्षा तो नीट बसवणाऱ्याची आहे, हे मला मनापासून सांगायचंय. एका ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) आउटलेटवर पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, तरी डिस्प्लेवर आकडा नाचत होता. मालक म्हणाले, मीटरच खराब आहे, बदलून द्या. पाइप बघितला तर मीटर लाइनच्या सगळ्यात उंच जागी, पंप थांबला की तिथलं पाणी उतरून जायचं आणि मीटरमधले व्होल्टेज टिपणारे इलेक्ट्रोड कोरडे पडायचे. पाइपला खाली यू-बेंड देऊन मीटर त्यात बसवला, अर्थिंग रिंग टाकल्या, आकडा शून्यावर स्थिर. मीटर तोच. त्याआधी कित्येक महिने चुकीचे आकडे सर्व्हरवर जात होते, आणि त्यावर सही एका माणसाची होती. मला ते फार लागलं.

म्हणून या क्षेत्रात जरूर या, पण सुरुवातीला विक्रीला नको, साइटवर जा. मीटरच्या आधी सरळ पाइप किती, मोटरची केबल सिग्नलच्या केबलशेजारून गेलीय का, हे डोळ्यांनी बघायला शिका. ४-२० मिलिअँपिअर आणि मॉडबस, म्हणजे मीटरचा आकडा पुढे पाठवायच्या पद्धती, हाताखालून जाऊ द्या. कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर बरोबर मोजतोय का हे तपासायच्या कामाची, गोडी लागली तर केरळमधल्या पालक्काडच्या फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटची माहिती काढा, फ्लो मोजण्याचंच काम तिथे चालतं.