नोकरी सोडलीस, पण काम कुणाच्या गळ्यात पडलं?

प्रिय 'मुदतपूर्व निवृत्त',

तू मला मावशी म्हटलं आहेस, तेव्हा अरे-तुरेच करते. सही वाचून हसू आलं. पत्र मात्र हसण्यासारखं नाही.

इतर वाचकांसाठी तुझी हकिगत थोडक्यात सांगते. वय 33. एका कार्यालयात तू दर महिन्याला अहवाल तयार करायचास. तो कुणी वाचतं का हे बघायला सलग तीन महिने तू जुनेच आकडे नव्या तारखेखाली पाठवलेस. कुणाच्या लक्षातही आलं नाही. "पाठवलास का?" हे विचारायला साहेबांचा फोन मात्र रात्री अकराला न चुकता यायचा. दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिलास आणि ठरवलंस की आता कामच करायचं नाही. काम म्हणजे माणसाला जुंपायची युक्ती, हा सिद्धांत मित्रांमध्ये मांडलास, त्यांनाही तो आवडला. घर बायकोच्या पगारावर चालतं. मध्यंतरी शेजारच्या आजोबांची व्हीलचेअर अडकली. ती तू चार दिवस खपून दुरुस्त केलीस आणि त्यांची मुलगी पैसे देत होती ते तत्त्व म्हणून नाकारलेस. आता आणखी दोघं आपापल्या वस्तू घेऊन आलेत. बायको म्हणते, पैसे घे. मित्र म्हणतात, विकला गेलास. आणि तू विचारतोस, "मावशी, दोन वर्षं मी चुकीचं जगलो का?"

राजीनामा दिलास त्यात काही चुकलं नाही. जो अहवाल कुणी वाचत नाही तो महिन्यामागून महिने लिहिताना माणूस आतून कुजतो. वर रात्री अकराचा फोन. अशा ठिकाणाहून उठून जाण्यात आळस कसला? "श्रम हीच पूजा" असं सुनावणारे अनेकदा स्वतः उंटावरून शेळ्या हाकत असतात. राबणाऱ्याला मोबदला देताना हात आखडणाऱ्यांनाच श्रमाच्या थोरवीचा फार पुळका असतो. त्यामुळे "कष्टाला पर्याय नाही" असलं व्याख्यान माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही.

एक मात्र लक्षात घे. ज्यांनी खरोखर कामाला नकार दिला आणि त्यातून जगाचं काही भलं केलं, त्यांची तऱ्हा निराळी होती. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती ही मागणी ब्रिटनमधला सुधारक गिरणीमालक रॉबर्ट ओवेन यानं 1817 मध्येच मांडली होती. 1 मे 1886 रोजी अमेरिकेतले कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले. 1919 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं आपला पहिलाच करार केला तो उद्योगांमध्ये दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालणारा. संपावर गेलेले ते कामगार हातातलं काम खाली ठेवत होते ते परत उचलण्यासाठीच, फक्त आपल्या अटींवर. केन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं 1930 मध्ये भाकीत केलं होतं की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. ते काही खरं होताना दिसत नाही. पण कमी काम आणि बरं काम मागणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. तू तर एकटाच उठून गेलास. त्या खुर्चीत आता दुसरा कुणी तेच जुने आकडे भरत असेल. ह्याचा ठपका तुझ्यावर ठेवत नाही, एकट्या माणसाच्या हातात असतं किती! फक्त त्याला बंड म्हणू नकोस.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य तुलाच वाचून दाखवते. "माझ्या गरजा फार कमी आहेत. दोन वेळचं जेवण, धुतलेले कपडे आणि शांतता." बाबा रे, हे जेवण शिजवतं कोण? कपडे धुतं कोण? पुढच्याच पानावर तू लिहितोस, "ती सातला घरी येते, साडेआठला आम्ही एकत्र जेवतो." मधला दीड तास कुठे गेला ते पत्रात नाही. सकाळपासून घरी असलेल्या माणसाच्या घरात जेवण साडेआठला कसं तयार होतं, हा प्रश्न तुला पाच पानांत एकदाही पडला नाही. "मी अधूनमधून मदत करतो," असं मात्र आहे. मदत पाहुणे करतात रे.

तू काम नाकारलंस म्हणून ते नाहीसं झालं नाही. त्यातलं फुकटचं आणि निरर्थक होतं ते कार्यालयात राहिलं, आणि खरोखर गरजेचं होतं ते सगळं तुझ्या बायकोच्या गळ्यात पडलं. पगार कमावणं तिच्याकडे, संध्याकाळ तिच्याकडे, गॅस कधी संपेल आणि विम्याचा हप्ता कधी भरायचा हे डोक्यात ठेवणंही तिच्याकडेच. तुझ्या स्वातंत्र्याची हजेरी तिच्या कार्डावर लागते आहे.

असं फक्त तुमच्याच घरात होतं असंही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालात चौसष्ट देशांच्या पाहणीवरून एक हिशेब आहे: बिनपगारी घरकाम आणि माणसांची देखभाल यांत रोज 16.4 अब्ज तास जातात. म्हणजे दोन अब्ज माणसं दररोज आठ तास, एक पैसाही न घेता राबतात म्हण. यातला तीन चतुर्थांशांहून जास्त भार बायकांवर. 24 ऑक्टोबर 1975 रोजी आइसलँडमधल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी नोकरी, स्वयंपाक, मुलं सगळं एका दिवसापुरतं सोडलं. देश ठप्प झाला, बाप मुलांना घेऊन कामावर गेले. कामाचं मोल बघायचं तर असं, ते थांबल्यावर कोण अडतं यावरून. तुझा अहवाल थांबला तेव्हा कोण अडलं होतं? आणि उद्या ती थांबली तर?

आता तुझ्याबद्दल. नोकरी सोडलीस ती वाचायला आणि विचार करायला वेळ मिळावा म्हणून, असं तू म्हणतोस. मग एका ओळीत, जरा लाजतच लिहितोस की गेल्या वर्षभरात एकही पुस्तक पुरं झालं नाही, दुपार कुठे जाते कळत नाही. यावर एक जुना अभ्यास आठवला. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव होतं, गावाचा सगळा जीव तिथल्या कापडगिरणीवर. 1930 च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोडा ही समाजाचा अभ्यास करणारी संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन बारकाईनं पाहणी केली आणि ती 1933 मध्ये प्रसिद्ध झाली. लोकांकडे आता वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून जाणारी पुस्तकं निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यानं रेंगाळत चालायचे, सारखे थांबायचे. दिवसभरात काय केलं ते लिहून द्या म्हटलं तर त्यांना धड आठवेना. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण पगार त्यांचाही बंद झाला असला तरी घर बंद झालं नव्हतं.

तुलना अर्ध्यावरच सोडते. त्या लोकांवर बेकारी लादली गेली होती, घरात अन्नाची मारामार होती. तू आपण होऊन बाहेर पडलास आणि दोन वेळा व्यवस्थित जेवतोस. दुपारी हरवतात त्या तेवढ्या सारख्याच.

आणि म्हणूनच व्हीलचेअरचा भाग मी दोनदा वाचला. पाच पानांत तेवढंच एक पान जिवंत आहे. पुढच्या छोट्या चाकाच्या आसात केस आणि दोऱ्यांचा गुंता कसा घट्ट बसला होता, तो चिमट्यानं ओढून निघेना म्हणून चाकच कसं उतरवलंस, एक ब्रेक ढिला होता म्हणून आजोबा उठताना खुर्ची कशी मागे सरकायची, हे तू किती नेमकं लिहिलं आहेस! तेलानं काळे झालेले हात दोन दिवस स्वच्छ झाले नाहीत, हे तर तू जवळजवळ मिरवतच सांगतोस. तिथे कुणी अकराला फोन केला नव्हता. अमुक पद्धतीनंच कर असं सांगायला कुणी डोक्यावर नव्हतं. काम नीट झालं की नाही हे आजोबा खुर्चीतून उठले त्याच क्षणी समोर दिसलं. तीन महिने जुने आकडे पाठवणाऱ्या माणसानं इथे एक स्क्रू नीट बसत नाही म्हणून तो पुन्हा काढून बसवला! तू कामचोर नाहीस रे. तुला पाट्या टाकता येत नाहीत, एवढंच.

पण पैसे नाकारलेस ते मला पटलं नाही. त्या चार दिवसांचे पैसे कुणीतरी दिलेच आहेत, तुझ्या बायकोनं. तिला न विचारता तिच्या खिशातून दानधर्म करायचा आणि तत्त्वाचं पुण्य स्वतः घ्यायचं, हा व्यवहार बरा नव्हे. दुसरं म्हणजे, दुरुस्तीवरच ज्याचं घर चालतं असा एखादा माणूस तुमच्याही भागात असेलच. तू फुकट करायला बसलास की त्याच्या कामाचा भाव तू पाडतोस. वाजवी दर घे. एखाद्याला झेपत नसेल तर कमी घे किंवा सोडून दे, पण ते त्याच्याकडे बघून. स्वतःच्या सोवळेपणाकडे बघून नको.

आज काय करायचं? आधी बायकोसमोर बस, आणि सिद्धांत बाहेर ठेवून बस. एक आठवडा घरातलं प्रत्येक काम कागदावर उतरवा, करणं आणि लक्षात ठेवणं दोन्ही. मग त्यातली निम्मी नव्हे, निम्म्याहून जास्त कामं तू मुळापासून घे. स्वयंपाक घेतलास तर डबे कधी भरायचे आणि उद्या काय करायचं हेही तुझंच. "काय करू?" असं तिला विचारायचं नाही. दोन वर्षांची थकबाकी आहे, तेव्हा सुरुवातीला पारडं तुझ्याकडे झुकलेलंच बरं. पैशांचं काय करायचं ते दोघं मिळून ठरवा. दर महिन्याला तुझ्याकडून किती आले तर तिला मोकळा श्वास घेता येईल, तो आकडा तिनं सांगायचा. दुरुस्तीतून तेवढे येत नसतील, आणि सुरुवातीला येणारही नाहीत, तर अर्ध्या दिवसाची नोकरी धर. मागच्यासारखी नको. आधीच विचारून घे की हे काम कुणाच्या उपयोगाचं आहे आणि सुट्टी किती वाजता होते. उत्तर देताना समोरचा चाचरला तर पुढचं दार बघ.

मित्रांचं म्हणशील तर त्यांच्याकडे मला फारसं लक्ष द्यावंसं वाटत नाही. "विकला गेलास" म्हणणाऱ्यांपैकी कुणाचं घर कोण चालवतं, याची सहज चौकशी करून बघ.

आणि दुरुस्तीचं काम सुरू करशील तेव्हा वेळ ठरवून दाराशी पाटी लाव. आठनंतर फोन घेऊ नकोस. साहेबांनी तुला ती सवलत दिली नव्हती, पण आता साहेब तूच आहेस.

तुझी,
मावशी