‘शेन’च्या ब्लू-रेवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, डिस्क सदोष आहे का?

आपण लिहिले आहे की, ‘शेन’ (१९५३) या वेस्टर्नपटाची अमेरिकन ब्लू-रे मागवली असता टीव्हीवर चित्राच्या डाव्या-उजव्या बाजूंना जाड काळ्या पट्ट्या दिसतात, आपल्या जुन्या डीव्हीडीवर मात्र हाच चित्रपट पडदाभर दिसत असे; तेव्हा डिस्क परत करावी का, आणि ब्रिटनमध्ये निघालेली आवृत्ती घेणे अधिक बरे का.

डिस्क परत करू नका. ती निर्दोष आहे. खोट आपल्या जुन्या डीव्हीडीच्या पाहण्यात होती, आणि तीही बहुधा डीव्हीडीची नसून टीव्हीची. त्या डीव्हीडीवर चित्र जवळजवळ चौकोनी, म्हणजे ४:३ (रुंदी : उंची) या प्रमाणात साठवलेले आहे आणि त्यात काळ्या पट्ट्या मुळातच नाहीत. त्यामुळे रुंद टीव्हीने रिकामी जागा भरून काढण्यासाठी ते आडवे ताणले की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने फुगते. माझ्याही घरी काही वर्षे हाच प्रकार चालू होता, आणि चित्रपटातले घोडे इतके गुबगुबीत कसे, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, याची आज मौज वाटते. ब्लू-रेची चौकट मात्र १९२० × १०८० पिक्सेल अशी ठरलेली असते. त्या चौकटीत ‘शेन’चे १.३७ : १ या प्रमाणातले चित्र पूर्ण उंचीने बसवले की त्याला सुमारे १४८० पिक्सेल रुंदी लागते आणि उरलेल्या जागेत दोन्हीकडे सुमारे २२० पिक्सेलची काळी पट्टी राहते. ही पट्टी डिस्कवरच नोंदलेली असल्याने टीव्ही १६:९ किंवा ‘ओरिजिनल’ अशा सेटिंगवरच ठेवावा. चित्रपट जुना आहे म्हणून ४:३ निवडाल, तर पट्ट्यांसकट सगळे चित्र आत दाबले जाईल आणि अ‍ॅलन लॅड (शेनची भूमिका करणारा नट) काठीसारखा किडकिडीत दिसेल.

आता मुळात हे प्रमाण योग्य का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याची गोष्ट लांबलचक आहे. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांनी या चित्रपटाचे बाह्यचित्रण १९५१ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील जॅक्सन होलच्या खोऱ्यात, ग्रँड टेटन पर्वताच्या पायथ्याशी केले. त्या वेळी हॉलीवूडमध्ये १.३७ : १ हीच रूढ चौकट होती, छायालेखक लॉयल ग्रिग्ज यांनी प्रत्येक दृश्य त्याच चौकटीचा विचार करून रचले. स्टीव्हन्स संकलनाला भरपूर वेळ घेणारे दिग्दर्शक असल्याने चित्रपट पडद्यावर यायला १९५३ चा एप्रिल उजाडला, आणि दरम्यान बाजाराचे वारे फिरले होते. घरोघरी आलेल्या दूरचित्रवाणीमुळे चित्रपटगृहे ओस पडू लागली होती, सप्टेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कला ‘सिनेरामा’चा भव्य वक्र पडदा गर्दी खेचू लागला होता, आणि सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीचीही घोषणा झाली होती. ‘शेन’ काढणाऱ्या पॅरामाउंट या स्टुडिओजवळ रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला चित्रपट नव्हता. हाती होता तयार झालेला ‘शेन’. मग न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तो १.६६ : १ या प्रमाणात दाखवण्यात आला. यासाठी नवे काहीच चित्रित करावे लागले नाही. प्रोजेक्टरच्या खिडकीतील धातूची झडप बदलून चित्राचा वरचा-खालचा भाग झाकायचा आणि अधिक रुंद कोनाच्या भिंगाने उरलेला भाग मोठा करून फेकायचा, एवढीच ती युक्ती. पडद्यावरचे चित्र रुंद झाले, पण डाव्या-उजव्या बाजूंना दिसणाऱ्या दृश्यात काहीच भर पडली नाही. चित्राच्या उंचीतला सुमारे सहावा हिस्सा मात्र गेला. गंमत अशी की, रंगीत छायालेखनाचे ऑस्कर ग्रिग्ज यांना मिळाले ते याच चित्रपटासाठी, आणि रेडिओ सिटीच्या प्रेक्षकांनी त्यांनी रचलेली चौकट पूर्ण पाहिलीच नव्हती.

एक षष्ठांश उंची ही किरकोळ बाब वाटू शकते, परंतु ‘शेन’ हा आडव्यापेक्षा उभ्या रेषांवर तोललेला चित्रपट आहे. सुरुवातीलाच पाण्यावर आलेले हरीण मान वर करते आणि त्याच्या शिंगांच्या बेचक्यात दूरवरून येणारा घोडेस्वार दिसतो. हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला शिंगांची टोके कापली गेली तर काय उरेल, हे सांगावे लागणार नाही. टेकडीवरच्या अंत्यविधीच्या प्रसंगात माथ्यावर टेटनची शिखरे, मध्ये उभी असलेली माणसे आणि खाली पसरलेले गाव असे थर एकावर एक रचलेले आहेत. सर्वांत ठळक उदाहरण टॉरी या शेतकऱ्याच्या खुनाचे आहे. जॅक पॅलन्सने रंगवलेला भाडोत्री बंदूकबाज विल्सन सलूनपुढच्या फळ्यांच्या ओट्यावर वरच्या बाजूला चालतो आहे, टॉरी खाली रस्त्यावरच्या चिखलात अडखळतो आहे, आणि त्या दोघांच्या पातळीतील अंतरावरच प्रेक्षकाला निकाल आधी कळतो. (गोळी लागताच टॉरी मागे फेकला जातो, त्यासाठी नटाला तारांनी बांधून ओढले होते; तोपर्यंतच्या वेस्टर्नपटांत माणसे छातीवर हात ठेवून सावकाश कोसळत असत.) अशा दृश्यात वरून किंवा खालून काहीही कापणे म्हणजे अर्थालाच कात्री लावणे होय, असे माझे मत आहे.

तरीही दुसरी बाजू अगदीच पोकळ नाही, आणि आपल्या हातातील डिस्क याच वादातून बाहेर पडलेली आहे. पॅरामाउंटने आपले अनेक जुने चित्रपट घरगुती विक्रीसाठी वॉर्नर या कंपनीकडे सोपवले होते, म्हणून वेष्टनावर वॉर्नरचे नाव आहे. २०१३ मध्ये वॉर्नरने ही ब्लू-रे १.६६ प्रमाणात काढण्याचे जाहीर केले. दिग्दर्शकाचे पुत्र जॉर्ज स्टीव्हन्स ज्युनियर यांच्या देखरेखीखाली प्रत्येक दृश्यात कुठे कापायचे हे वेगवेगळे ठरवले होते, त्यामुळे रेडिओ सिटीतील सरसकट कापाकापीपेक्षा ती निश्चितच विचारपूर्वक केलेली होती. १९५३ च्या पहिल्या प्रेक्षकांनी रुंद चित्रच पाहिले होते, हा मुद्दाही इतिहास म्हणून खरा आहे. परंतु चाहत्यांनी आणि समीक्षकांनी जोरदार आक्षेप घेतला, दिग्दर्शक वुडी अ‍ॅलन यांनीही मूळ चौकटीच्या बाजूने पत्र लिहिले, आणि शेवटी वॉर्नरने निर्णय फिरवून ऑगस्ट २०१३ मध्ये १.३७ प्रमाणाचीच डिस्क बाजारात आणली. कंपनीने विक्रीपूर्वी असे पाऊल मागे घेणे क्वचितच घडते. माझ्या दृष्टीने प्रथम प्रदर्शनापेक्षा कॅमेऱ्यामागची रचना अधिक प्रमाण मानावी. प्रदर्शनाच्या वेळचा निर्णय स्टुडिओचा होता, चित्रणाच्या वेळचा दिग्दर्शकाचा.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. त्याच १९५३ सालचा ‘श्यामची आई’ अशाच चौकोनी चौकटीत चित्रित झालेला आहे, आणि त्या काळातील मराठी चित्रपट रुंद टीव्हीवर ताणून किंवा माथे छाटून पाहण्याची आपल्या डोळ्यांना इतकी सवय झाली आहे की, पट्ट्या दिसल्या की काहीतरी बिघडले असेच वाटते.

ब्रिटनच्या आवृत्तीविषयी थोडक्यात. मास्टर्स ऑफ सिनेमा या मालिकेत २०१५ मध्ये निघालेल्या संचात १.३७ बरोबर १.६६ प्रमाणातील चित्रपटही दिलेला आहे, त्यामुळे दोन्ही चौकटी शेजारी ठेवून तपासण्याची हौस असेल तर तो घेण्याजोगा आहे. केवळ चित्रपट पाहायचा असेल तर आपल्याकडची डिस्क पुरेशी आहे. मात्र मागवण्यापूर्वी प्लेअरचा विभाग पाहून घ्यावा. ब्लू-रेच्या वाटणीत अमेरिका ‘ए’, ब्रिटन ‘बी’ आणि भारत ‘सी’ विभागात येतो. आपली अमेरिकन डिस्क चालते आहे, याचा अर्थ एकतर प्लेअर सर्व विभागांचा आहे, किंवा तो ‘ए’ विभागाचा आहे, किंवा डिस्कवरच बंधन नाही. विभागबद्ध ब्रिटिश डिस्क मात्र प्लेअर सर्व विभागांचा किंवा ‘बी’ विभागाचा असेल तरच चालेल. प्लेअरच्या मागच्या बाजूला हे अक्षर बहुधा छापलेले असते.

तोवर सेटिंग बदलून हरणाच्या दृश्यापाशी चित्रपट थांबवून पाहा. शिंगांची टोके पूर्ण दिसत असतील आणि त्यांच्यावर थोडी मोकळी जागा उरली असेल, तर टीव्ही बरोबर लागला आहे.