फळमाशीच्या आईबापांनी काय खाल्लं याचा पिल्लांच्या चयापचयावर खरंच परिणाम होतो का?

होतो. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'बापाकडून नुसता डीएनए येतो, मग त्याच्या खाण्याचा काय संबंध?' हेच वाक्य मला एकदा तोंडावर ऐकवलं गेलं होतं, म्हणून लिहायला बसले.

आईचं समजायला सोपं आहे. अंड्यातलं पीतक, त्यातले आरएनए, सगळं तीच भरते. २०१३ च्या एका अभ्यासात माद्यांना भरपूर साखर दिल्यावर पुढच्या किमान दोन पिढ्यांच्या अळ्यांची शरीररचना बदललेली सापडली. बापाचं प्रकरण २०१४ साली 'सेल' या विज्ञानपत्रिकेत आलं. जर्मनीत फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने नरांना मीलनाआधी फक्त दोन दिवस कमी-जास्त साखर दिली. खूप साखर खाल्लेल्यांची आणि अगदी कमी खाल्लेल्यांचीही पोरं, स्वतः गोड फूडवर गेली की जास्त चरबी साठवायची. डीएनएची अक्षरं तीच राहिली होती. पण डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांवरच्या एच३के९ आणि एच३के२७ या जागांच्या रासायनिक खुणांनी दाबून ठेवलेले डीएनएचे भाग शुक्राणूत आणि गर्भात मोकळे झाले होते.

आता माझं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हाच प्रयोग करत होते. लॅबची पद्धत अशी की दहा माद्या व्हायलमध्ये, म्हणजे माश्या वाढवायच्या छोट्या बाटलीत, सोडायच्या, दोन दिवसांनी काढायच्या आणि जे निघेल त्याची चरबी मोजायची. साखरेवाल्या आणि साध्या फूडवरच्या बापांच्या पोरांच्या ट्रायग्लिसराइडमध्ये, म्हणजे साठवलेल्या चरबीत, भलं मोठं अंतर आलं. सर, म्हणजे माझे गाइड, खूश झाले, पोस्टर करायला घेतलं. एका संध्याकाळी मी दोन्ही गटांच्या व्हायल्स शेजारी-शेजारी उजेडाकडे धरल्या. साध्या फूडवरच्या बापांच्या व्हायलमध्ये कोष भिंतीवर खेटून, पार वर कापसाच्या बोळ्यापर्यंत. साखरेवाल्यांच्या व्हायलमध्ये दोन कोषांत बोटभर मोकळी जागा. मोजले, तर एकीत १९०, दुसरीत ७२. गर्दीत वाढलेली माशी लहान निघते आणि तिच्या चरबीचं गणितही बदलतं. म्हणजे आम्ही बापाचा आहार मोजतच नव्हतो, अळ्यांची दाटी मोजत होतो.

सरांना म्हटलं, अंडी मोजून परत करते. 'वेळ घालवू नकोस' म्हणाले. तरी केलं. द्राक्षरसाच्या अगारावर (जेलीसारख्या थरावर) अंडी घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशने एकेक उचलून प्रत्येक व्हायलमध्ये ५० ठेवली. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं पांढरं अंडं, टोकाला दोन बारीक शिंगं. ब्रश जरा जोरात टेकला की फुटतं. महिनाभर मान वर केली नाही. साध्या फूडवर वाढवलेल्या पोरांत फरक जवळजवळ नाहीसा झाला, आणि तेच सर म्हणाले, 'मग नाहीच काही. बापाकडून नुसता डीएनए येतो, सोड.'

हे मला आजही पटत नाही. आधी न मोजता सगळं मान्य, मग मोजल्यावर सगळंच अमान्य! पेपरात स्पष्ट लिहिलं होतं की पोरांना गोड फूडचा ताण द्यावा लागतो. मी तो दिला, पुन्हा ५०-५० अंडी मोजूनच. फरक दिसला. पहिल्यापेक्षा खूप लहान, पण तिन्ही फेऱ्यांत त्याच दिशेचा.

तेव्हा तुम्ही प्रयोग करणार असाल तर अंडी मोजा. गाइड काहीही म्हणोत, मोजा. व्हायलवर बापाचं फूड लिहू नका, नुसते आकडे टाका आणि चरबी मोजणाऱ्याला ते कशाचे आहेत हे सांगू नका. माद्या व्हर्जिनच घ्या, कारण मादी आधीच्या नराचे शुक्राणू साठवून ठेवते आणि मग पोरं कुणाची हेच कळत नाही.

एक राहिलं. मोजूनही चुकीच्या सगळ्या वाटा बंद होत नाहीत. नराच्या वीर्यद्रवाने मादीचं अंडी घालणं बदलतं, आणि माश्यांच्या विष्ठेतले जिवाणू फूडवरून अळ्यांच्या पोटात जातात. ते आहारानुसार बदलू शकतात, म्हणून अंडी धुऊन घेतलेली बरी. मी धुतली नव्हती. आणि यातलं काही थेट माणसांना लावू नका, त्यांचे प्रयोग वेगळे.

पहिल्या फेरीत फरक दिसला नाही, तर गाइडकडे जाण्याआधी पोरं कोणत्या फूडवर वाढवली होती ते बघा.