डिस्क घ्यावी की डाउनलोड? आधी परवाना बघा

कन्सोलवर डिस्क घातली की गेम ड्राइव्हवर कॉपी होतो, तरी खेळताना डिस्क आतच लागते, कारण तीच तुमचा परवाना. फायदा हा की ती विकता येते, मित्राला देता येते. डाउनलोड केलेला गेम मात्र खात्याला बांधलेला असतो. म्हणून कन्सोल घेतल्याबरोबर, नेट चालू असतानाच, प्लेस्टेशन ५ वर 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' आणि एक्सबॉक्सवर 'होम एक्सबॉक्स' (म्हणजे हाच तुमच्या खात्याचा मुख्य कन्सोल) चालू आहे का ते तपासा. हे राहिलं तर नेट गेल्यावर गेमवर कुलूप दिसतं आणि लोक उगाच ड्राइव्ह फॉरमॅट करत बसतात. होम एक्सबॉक्स वर्षातून 5 वेळाच बदलता येतो, तेव्हा जपून. निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलची की-कार्डं वेगळीच: कार्डात पूर्ण गेम नसतो, डाउनलोड करावाच लागतो आणि शिवाय कार्डही घालावं लागतं. मला हा प्रकार सर्वांत वाईट वाटतो.

कम्प्युटरवर डिस्कचा विषय संपल्यातच जमा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावर उजवीकडे 'थर्ड-पार्टी डीआरएम'ची, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या कॉपी-रोधक कुलपाची, सूचना असते, ती पैसे भरण्याआधी वाचा. तिथे डेनुवो (असंच एक कुलूप) लिहिलं असेल तर दिवसाला साधारण 5 मशीनची मर्यादा येते. लिनक्सवर प्रोटॉनची (विंडोजचे गेम तिथे चालवणारं सॉफ्टवेअर) आवृत्ती सारखी बदललीत तर तीही नवी मशीन म्हणून मोजली जाऊ शकते, आणि गेम दिवसभर बंद! प्रवासापूर्वी गेम एकदा ऑनलाइन सुरू करा, मगच ऑफलाइन मोड लावा. तोच गेम जीओजी या डीआरएमशिवाय गेम विकणाऱ्या दुकानात असेल तर तिथूनच घ्या, आणि ऑफलाइन इन्स्टॉलर बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून ठेवा.