भूकंपाची रात्र : दोघांच्या आठवणी जुळत का नाहीत?

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपाच्या रात्री आई आणि मामा एकाच वाड्यात होते. आई म्हणते, आधी कुत्री भुंकली, मग माळवद (मातीचं सपाट छप्पर) खाली आलं. मामा म्हणतात, कुत्री नव्हतीच, म्हैस दावं तोडून पळाली. दोघंही शपथेवर सांगतात. लिहून ठेवायचंय, खरं कुणाचं धरू?
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : खोटं कुणाचंच धरू नका. भीतीच्या क्षणी अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि मेंदूतला अमिग्डाला ती आठवण खोल ठसवतो. पण लक्ष एकाच गोष्टीवर खिळलेलं असतं, त्यामुळे आजूबाजूचं, विशेषतः आधी-नंतरचा क्रम, पुसट राहतो. ती जागा पुढे ऐकीव गोष्टींनी भरते. १९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठं, कशी कळली याच्या आठवणी लिहून घेतल्या. अडीच वर्षांनी ४४ जणांना पुन्हा विचारलं, तर ११ जणांची एकही मुख्य बाब जुळली नाही. खात्री मात्र दांडगी होती.

दोघांना वेगवेगळं बसवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. पहिली वीस मिनिटं मध्ये बोलू नका. सुरुवात शरीरापासून करा : कुठं निजला होता, डोकं कुठल्या भिंतीकडं, अंगावर काय? ‘कुत्री भुंकली का?’ असं विचारलं की कुत्री आठवणीत शिरलीच. ‘काय ऐकू आलं?’ एवढंच विचारा. मग प्रत्येक वाक्यापुढं खूण करा : पाहिलं, ऐकलं, की नंतर कळलं. तिसऱ्या खुणेला वेळ द्या. भूकंपानंतर राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने त्याच गोष्टी सांगितल्या गेल्या. एकाची आठवण दुसऱ्याची झाली ती तिथंच.

पक्क्या गोष्टींशीही ताडून पाहा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, अनंत चतुर्दशीची रात्र. म्हणजे चंद्र जवळजवळ पूर्ण, पश्चिमेला कललेला. तरीही कुणी ‘डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं’ म्हणालं तर खोडू नका. ढग असतील, नाहीतर माळवदाच्या मातीचा धुरळा. ‘नाकातोंडात काय गेलं?’ विचारा, उत्तर आपोआप येईल.

वहीत आईचं पान वेगळं, मामांचं वेगळं. दोन्ही मिळून एक गोष्ट करू नका. बोलता बोलता आवाज कापला, हात थरथरले तर रेकॉर्डिंग थांबवा, पाणी द्या, विषय दुसऱ्या दिवसावर टाका. अजूनही झोपेतून दचकून उठणं होत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, वही नंतर.