जुन्या आर्ट क्विल्टवर भरतकाम: उसवू नका, वरूनच टाके घाला

ताई, तुम्ही विचारलंय की बारा वर्षांआधी केलेली भिंतीवरची क्विल्ट (टांगायची शोभेची गोधडी) आता सपाट अन् फिकी वाटते, तर उसवून नवीन करावी की तिच्यावरच भरतकाम करावं. माझं ऐकाल तर उसवू नका. मशीनची शिलाई काढली की भोकांची रांग राहते आणि जुनं सुती कापड नेमकं तिथूनच फाटायला लागतं.

मागच्या उन्हाळ्यात मी माझीच एक काढली, २०११ ची. सासूबाईंच्या नागपुरी लुगड्यांचे तुकडे, मधात करवतकाठीचा काठ (करवतीच्या दातांसारख्या नक्षीचा) अन् वरून मशीनच्या सरळ रेघा, तेव्हा मला तेवढंच येत होतं. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेली होती, आपल्या नागपूरच्या उन्हाने अर्धी उडाली.

पहिले रंग पाहा. पांढरा सुती कपडा ओला करून एकेका रंगावर दाबून धरा, लाल अन् मेहरूनवर तर नक्कीच. रंग लागला तर पाण्याने पुसायचं पेन वापरूच नका, टेलरचा खडू घ्या. नवीन दोऱ्याचीही अशीच परीक्षा करा, स्वस्त लाल दोरा खूप धोका देतो. कुठे रेशीम विरलं असेल तर त्याच रंगाची बारीक नेट वरून ठेवायची आणि नेटसकट टाके घालायचे, विरलेलं कापड तिच्याखाली धरून राहतं.

आता मुख्य गोष्ट. क्विल्टला तीन थर असतात, वरचं कापड, मधातला भराव, मागचं अस्तर. सुई भरावातून सरकवायची, अस्तराच्या पार न्यायची नाही, म्हणजे मागची बाजू साफ राहते. दोऱ्याला बारीक गाठ मारा, जिथे टाका सुरू करायचा त्याच्या इंचभर दूरून सुई आत घाला, टाक्याच्या जागी बाहेर काढा आणि हलका झटका द्या, गाठ टुक करून आत जाते. सुई सात-आठ नंबरची, लांब नाकाची (नंबर वाढला की सुई बारीक होते). अँकरच्या भरतकामाच्या दोऱ्याला सहा पदर असतात त्यातले दोनच घ्या, टाका उठून दिसावा वाटला तर तीन. भरतकामाची रिंग लावू नका, तयार क्विल्टवर तिचा वळ पडतो, मी तर दिवाणावर पसरून बसत होती.

आणि मी केलेली चूक तुम्ही करू नका. एका कोपऱ्यात सूर्य होता, तो मी भरीव टाक्याने गच्च भरला, चार दिवस लागले मला, आणि भिंतीवर टांगली तर तो कोपरा आवळून वर आलेला अन् बाजूचं कापड फुगलेलं. प्रत्येक टाका थोडं कापड ओढतो, एकाच जागी दाट झालं की सगळी क्विल्ट वाकडी होते. तो सूर्य नखाएवढ्या कात्रीने काढला अन् तिथे विखुरलेले छोटे टाके घातले, आता जास्त छान दिसतो. म्हणून दाटपणा सगळीकडे सारखा ठेवा, मधातून सुरू करून कडेकडे जा. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी (तुकड्यांची गोधडी) उलट्या क्रमाने शिवतात, कडेपासून मधात येतात, पण त्या तुकडे लावत लावत शिवतात, आपले तुकडे आधीच जोडलेले आहेत.

टाके कोणते म्हणाल तर धावदोऱ्यासारखं काही नाही. बंगालच्या कांथ्यासारख्या (धावदोऱ्याने शिवलेली तिकडची गोधडी) तुकड्याच्या आकाराला लागून रांगा घाला, कापडाला बारीक लाटा येतात अन् तो सपाटपणा जातो, तुम्हाला हवं ते बहुतेक हेच आहे. जोडांवर हेरिंगबोन (तिरप्या फुल्यांचा टाका) किंवा फेदर स्टिच (पिसासारखा टाका) घाला, १८८० च्या दशकात अमेरिकेत क्रेझी क्विल्टची (वेड्यावाकड्या तुकड्यांच्या क्विल्टची) लाट होती तेव्हा बायका एकेक जोड असा झाकायच्या. काही तुकडे मात्र कोरे सोडा, माझ्या करवतकाठीच्या काठाला मी हातही लावला नाही, त्याच्यावर विणकराने आधीच सगळं केलेलं आहे.

झाल्यावर वजन वाढतं, दोन खिळ्यांवर टांगाल तर मधात झोळ येईल. मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवून दांडा घाला. आणि जुनं नाव अन् साल कोपऱ्यात असेल तर त्याच्यावर काही भरू नका, नवं साल त्याच्या खाली घाला.