उबुंटू अपग्रेड केल्यावर डेस्कटॉपच बदलला, आता जुळवून घ्यायचं की जुनंच परत आणायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे की झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातल्या दोन कॉम्प्युटरवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स सिस्टिम) २२.०४ चं २४.०४ केलं, तेव्हापासून वरच्या डाव्या कोपऱ्यातलं ॲक्टिव्हिटीजचं बटण गेलं, खाली विंडोजसारखी पट्टी बसवली होती ती गेली, टायपिंग करणाऱ्या ताई रोज म्हणतात की आम्हाला जुनंच द्या, आणि तुम्हाला समजत नाहीये की मागं जायचं, मिंट ही दुसरी लिनक्स सिस्टिम टाकायची की सरळ विंडोज घ्यायचं.

मी नागपुरातच असतो, महालात, आणि ओळखीच्या बऱ्याच ठिकाणची लिनक्सची मशिनं मीच बघतो, त्यात सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळचं एक टायपिंगचं दुकान आहे, धरमपेठेतलं एक वाचनालय आहे, इतवारीत काकांचं होलसेलचं दुकान आहे. त्यामुळं हा प्रश्न मी खूप जवळून पाहिलाय आणि माझं मत स्पष्ट आहे, आज लगेच काहीच फॉरमॅट करू नका. आधी ताईंच्या बाजूला अर्धा तास बसा अन् त्या नेमक्या कुठं अडकतात ते बघा. त्यांची सवय मोडली आहे की त्यांचं काम मोडलंय, हे वेगवेगळं काढल्याशिवाय कोणताही निर्णय घेतला तरी तो अंदाजानंच घेतलेला असेल.

तुमच्या दोन तक्रारींपासूनच सुरू करतो. ॲक्टिव्हिटीज हा शब्द ग्नोम (उबुंटूचा डेस्कटॉप) ४५ मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये काढला आणि त्या जागी एक छोटी आडवी गोळी अन् ठिपके आले, तुम्ही कोणत्या वर्कस्पेसवर (विंडो मांडायच्या जागेवर) आहात ते त्यात दिसतं. क्लिक तिथंच करायचं, काम तेच होतं, विंडोजचं बटण दाबलं तरी तेच होतं. ही निव्वळ सवय आहे, एकदा दाखवलं की संपलं. खालची पट्टी मात्र एक्सटेन्शनची, म्हणजे ग्नोमला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामची होती, बहुतेक डॅश टू पॅनल असणार, आणि तिथं गोष्ट अशी झाली की त्याच ग्नोम ४५ मध्ये एक्सटेन्शन लिहायची पद्धतच बदलली, त्यामुळं तोवरची सगळी एक्सटेन्शनं नव्यानं जुळवून घेतल्याशिवाय चालणारच नव्हती. २२.०४ मध्ये ग्नोम ४२ आहे आणि २४.०४ मध्ये ४६, म्हणजे तुम्ही मधली ती भिंत एका उडीत ओलांडली. तुमची पट्टी कोणी काढून घेतलेली नाही, जुनी आवृत्ती बंद पडून बसलीय. सॉफ्टवेअर सेंटरमधून एक्सटेन्शन मॅनेजर नावाचा प्रोग्राम टाका, त्यात डॅश टू पॅनल शोधा, ४६ साठीची आवृत्ती आहे, ती घ्या, लॉगआउट करून परत या. माझ्या मते तुमच्या ताईंची अर्धी तक्रार इथंच मिटेल.

आता काम मोडणं म्हणजे काय ते सांगतो कारण खरा त्रास तिथं असतो आणि लोक त्यालाच 'सवय होईल हो' म्हणून सोडून देतात.

कोर्टाजवळच्या त्या दुकानात शपथपत्रं, करारनामे, अर्ज असं सगळं टाइप होतं, एका पानात मराठी-इंग्रजी इतकं मिसळलेलं असतं की पक्षकाराचं नाव मराठीत, पॅन नंबर इंग्रजीत, कलम मराठीत, ईमेल इंग्रजीत, म्हणजे भाषा बदलायचं बटण एका पानाला कितीदा तरी दाबावं लागतं. तिथल्या काकूंचा हात जुन्या सिस्टिमवर कंट्रोल-स्पेसवर बसलेला, तेव्हा आयबसमध्ये, म्हणजे भाषा बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये, तेच चालायचं. नव्या ग्नोममध्ये ते सुपर-स्पेस झालं, म्हणजे विंडोजचं बटण आणि स्पेस. बोललं तर बदल एवढाच, एका बटणाचा. पण काकू स्क्रीनकडं बघून टाइप करतच नाहीत, त्यांची नजर समोरच्या हस्तलिखित कागदावर असते, त्यामुळं कंट्रोल-स्पेस दाबलं, भाषा बदललीच नाही, आणि दोन ओळी चुकीच्या लिपीत गेल्यावर वर बघितलं तर सगळं कचरा, परत पुसा, परत टाइप करा, समोर पक्षकार घाईत, बाहेर वकील बोलावून राहिला. याला सवय होईल म्हणणं मला पटत नाही. वर्षानुवर्षं कमावलेला हाताचा वेग आहे तो, त्यावर त्यांचं दुकान चालतं, तो एका अपडेटपायी वाया जाऊ द्यायचा नाही.

उपाय सोपा आहे, म्हणून तर राग येतो की कोणी सांगत नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथं शॉर्टकट, त्यात टायपिंग, तिथं पुढच्या इनपुट सोर्सवर जायचं जे आहे त्यावर क्लिक करून कंट्रोल-स्पेस दाबायचं. झालं. एकच गोष्ट लक्षात ठेवा, कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा प्रोग्राम) कंट्रोल-स्पेसनं अख्खा कॉलम सिलेक्ट होतो, ते मग होणार नाही, हिशोबाचं काम जास्त असेल तर दुसरी जोडी निवडा. तिथंच कीबोर्डच्या पानावर अजून एक सेटिंग आहे की सगळ्या विंडोला एकच भाषा ठेवायची की प्रत्येक विंडोला वेगळी. ते वेगळी करा. म्हणजे रायटरमध्ये (वर्डसारखा प्रोग्राम) मराठी राहते, ब्राउझरमध्ये इंग्रजी राहते, आणि एकातून दुसऱ्यात गेलं की भाषा आपोआप त्या विंडोची होते. काकूंना हे एवढं आवडलं की त्या म्हणाल्या हे आधी का नव्हतं दिलं. म्हणजे बघा, नव्यात कामाचं काही नसतं असंही नाही, पण ते आपल्याला तेव्हाच दिसतं जेव्हा आपलं अडलेलं काम आधी सुरळीत होतं.

दुसरी गोष्ट फाइल मॅनेजरची. पूर्वी फोल्डर उघडून 'देश' टाइप केलं की यादी सरळ देशमुखांच्या पहिल्या फाइलवर जायची आणि आजूबाजूच्या फाइलीही दिसत राहायच्या. ग्नोमच्या फाइल्समध्ये आता टाइप करायला लागलं की थेट सर्च सुरू होतो आणि बाकी सगळं लपतं. टायपिंगच्या दुकानात नेमकं ते लपलेलंच हवं असतं, कारण त्याच पक्षकाराचा मागच्या वर्षीचा अर्ज बाजूलाच असतो, तो उघडायचा, नाव-तारीख बदलायची, प्रिंट. शिवाय एफ३ दाबून एकाच विंडोत दोन फोल्डर शेजारी उघडायची सोय होती, ती २०१२ मध्ये ग्नोम ३.६ ला काढली. यावर कितीही चिडलात तरी ते परत येईल असं मला वाटत नाही. पण मिंटवाल्यांनी तेव्हाच जुना फाइल मॅनेजर घेऊन त्याचा नेमो केला, त्यात एफ३ आहे, टाइप केलं की उडी मारणंही आहे, आणि नेमो उबुंटूवर आहे त्या डेस्कटॉपमध्येच टाकता येतो. कोर्टाजवळच्या दुकानात मी तेच केलंय, डेस्कटॉप ग्नोमचाच, फोल्डर उघडतात नेमोमध्ये. अख्खा डेस्कटॉप बदलायची गरजच पडली नाही.

अन् ताई म्हणत असतील की राइट क्लिक करून नवीन फाइल बनत नाही, तर होम फोल्डरमध्ये टेम्प्लेट्स नावाचं फोल्डर आहे त्यात एक कोरी रायटरची फाइल टाका, शपथपत्राचा मसुदा टाकला तर अजून बरं, राइट क्लिकमध्ये न्यू डॉक्युमेंट दिसायला लागेल.

तुम्ही विचारलंय की हे लोक दर वेळी सगळं का बदलतात. खरं सांगतो, दर वेळी नाही बदलत, पण बदलतात तेव्हा लोकांच्या डोक्यात कायमचं बसतं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचं ४.० जानेवारी २००८ ला आलं तेव्हा ते कच्चं होतं आणि बऱ्याच डिस्ट्रोंनी (उबुंटूसारख्या तयार लिनक्स सिस्टिमवाल्यांनी) ते सामान्य यूजरच्या मशीनवर टाकून दिलं, लोक केडीई सोडून गेले. मग एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं, खालची विंडोची यादी गेली, मिनिमाइजचं बटण गेलं, त्याच महिन्यात उबुंटू ११.०४ नं स्वतःचा युनिटी डेस्कटॉप आणला. स्वतः लिनस टोरवाल्ड्सनं तेव्हा ग्नोम ३ वर जाहीर टीका केली आणि तो एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवर गेला, नंतर एक्सटेन्शनं लावून परत ग्नोमवर आला. ज्यानं लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, लिहिला त्यालाही डेस्कटॉप बदलल्यावर असंच फिरावं लागलं, तर तुमच्या ताईंना अडाणी समजायचं काही कारण नाही. उबुंटूनं खिडकीची बटणं १०.०४ मध्ये डावीकडं नेली आणि १७.१० मध्ये युनिटी सोडून ग्नोम घेतलं तेव्हा परत उजवीकडं आणली, सात वर्षं डावीकडं शिकलेल्यांनी काय करावं?

पण दुसरी बाजूही आहे आणि मला ती मनापासून महत्त्वाची वाटते. ग्नोम २ बंद झालं तेव्हा अर्जेंटिनातल्या एका यूजरनं त्याचा कोड उचलून माटे सुरू केलं, केडीई ३.५ पासून ट्रिनिटी निघालं, मिंटनं सिनॅमन हा स्वतःचा डेस्कटॉप काढला. विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटण गेलं तेव्हा ते परत द्यायचं की नाही हे फक्त कंपनीच्या हातात होतं. इथं ज्यांना जुनं हवं होतं त्यांनी ते जिवंत ठेवलं. मात्र जुनं ठेवणं फुकटात होत नाही हे लोक विसरतात. माटे दिसायला तेच राहिलं पण आतून जीटीके (खिडक्या-बटणं काढणारा पाया) २ वरून जीटीके ३ वर नेईपर्यंत २०१७ उजाडलं, आणि ते काम थोड्याशा लोकांनी, बरेचसे स्वतःच्या वेळेत, केलंय. खालचा पाया बदलतो म्हणून वरचं हलतं, प्रत्येक बदल कोणाच्या लहरीनं होतो असं नाही.

मग तुम्ही काय करायचं? मागं जायचं असेल तर २४.०४ वरून २२.०४ वर सरळ उतरायची सोय नाही, नव्यानंच इन्स्टॉल करावं लागतं, आणि २२.०४ ला नेहमीचा सपोर्ट २०२७ पर्यंतच आहे, म्हणजे तुम्ही त्रास थोडा पुढं ढकलाल एवढंच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अन् त्यातल्या त्यात नवे प्रोसेसर लागतात, दुकानातली मशिनं जुनी असतील तर नवी घ्यावी लागतील, आणि तिथंही स्टार्ट मेनू मधोमध आलेला आहेच, ताईंना परत नवीनच शिकावं लागणार.

म्हणून एका मशीनवर आधी वर सांगितलेलं सगळं करा. त्याआधी नवीन यूजर अकाउंट बनवून त्यात लॉगिन करून बघा, कारण कित्येकदा गडबड नव्या डेस्कटॉपची नसते, जुन्या अकाउंटमधल्या उरलेल्या सेटिंगची असते. दोन-तीन आठवडे ताईंना त्यावर काम करू द्या. तरीही जमलं नाही तर मिंट सिनॅमन पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून दाखवा, त्यांनी स्वतः हात लावून हो म्हटलं तरच टाका. मशीन फारच जुनं असेल तर एक्सएफसीई बघा, त्याची ४.१८ डिसेंबर २०२२ ला आली अन् ४.२० डिसेंबर २०२४ ला, मधल्या काळात कोणी काही हलवत नाही. काकांच्या इतवारीच्या दुकानात मी तेच ठेवलंय, तिथं बिल अन् स्टॉक सोडून कोणाला काही बघायचंच नसतं. एकाच उबुंटूवर तीन-चार डेस्कटॉप मात्र टाकत बसू नका, मेनूमध्ये सगळे प्रोग्राम दोन-दोनदा दिसायला लागतात आणि कोणती फाइल कशात उघडेल याचा भरवसा राहत नाही.

एक पुढचं सांगून ठेवतो. २४.०४ मध्ये लॉगिन करताना नाव निवडलं की खाली उजवीकडं गिअरचं चिन्ह येतं, तिथून एक्सओर्गवालं, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवायच्या जुन्या एक्स११ पद्धतीचं सेशन निवडता येतं. उबुंटू २५.१० पासून ते काढून टाकलंय, आता फक्त वेलँड ही नवी पद्धत. एक्स११ चा पाया १९८७ चा आहे, त्यात कोणताही प्रोग्राम दुसऱ्याच्या कीबोर्डवर कान ठेवू शकतो, म्हणून हे जायलाच हवं होतं असं मला वाटतं. बहुतेक जुने प्रोग्राम तरीही चालतात, पण ताईंनी कीबोर्डचे मॅक्रो बनवले असतील, किंवा तुम्ही घरून दुकानाचं मशीन बघायचा एखादा जुना प्रोग्राम वापरत असाल, तर ते आत्ताच वेलँडमध्ये लॉगिन करून तपासून घ्या. २४.०४ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, घाई नाही. आणि पुढचं अपग्रेड लग्नसराईत किंवा कॉलेज ॲडमिशनच्या जून-जुलैत अजिबात करू नका, एका मशीनवर करा, दुसरं तसंच राहू द्या, ताई स्वतः म्हणतील तेव्हा दुसऱ्यावर.

आणि काही खरंच मोडलेलं सापडलं तर ग्नोमच्या गिटलॅबवर, म्हणजे त्यांच्या तक्रारी नोंदवायच्या साइटवर, लिहा. 'बेकार आहे' लिहून कोणी वाचत नाही, 'मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये अमुक शब्द टाइप करताना या विंडोत असं होतं' हे लिहिलं की बघतात, देवनागरी टाइप करणारे तिथं कमी लिहितात म्हणून आपले त्रास त्यांच्यापर्यंत जातच नाहीत. इंग्रजी लिहायला अडचण असेल तर मी लिहून देतो.

ताई इनस्क्रिप्ट वापरतात की फोनेटिक, मशीनला रॅम किती आहे, आणि पट्टी सोडून अजून कोणती एक्सटेन्शनं होती, एवढं इथं टाका, मग त्या हिशोबानं सेटिंग सांगतो.